सतराशे तीस फुटांवर थांबलेले काटे

मित्रांनो, तंत्रशाळेच्या प्रयोगशाळेत शिरलात की डाव्या हाताला काचेचे एक कपाट दिसते. त्याच्या मधल्या फळीवर काळ्या तबकडीचे, घड्याळासारखे दिसणारे जे यंत्र ठेवले आहे, ते मी. पुष्कळ मुले मला घड्याळच समजतात आणि 'बंद पडलेलं दिसते' असे म्हणून पुढच्या फळीकडे वळतात. मी घड्याळ नाही. मी विमानातला उंचीमापक आहे. बंद पडलो आहे, हे मात्र खरे. माझे काटे एक हजार सातशे तीस फुटांवर थांबले आहेत. ते तेथेच का थांबले, हे सांगितल्यावाचून मला स्वस्थता नाही.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात पातळ पत्र्याची एक बंद डबी आहे. उंच जावे तशी हवा विरळ होते, हे तुम्ही पुस्तकात वाचलेच असेल. हवा विरळ झाली की माझी डबी किंचित फुगते आणि दाट झाली की दबते. तिची ती केसाएवढी हालचाल दातेरी चाकांतून काट्यांपर्यंत पोचते. लहान काटा हजार दाखवतो, मोठा काटा शेकडे.

बाहेरची ही हवा माझ्यापर्यंत एका बारीक नळीतून येते. नळीचे दुसरे टोक विमानाच्या डाव्या कुशीवर, रुपयाएवढ्या एका चकचकीत चकतीच्या मध्यभागी उघडते. ते भोक टाचणीच्या डोक्याएवढे असते. मला खालची जमीन दिसत नाही, समोरचा डोंगर दिसत नाही. समोर बसलेल्या वैमानिकाचा चेहरा तेवढा दिसतो, आणि नळीवाटे बाहेरचे बोलणे ऐकू येते. एरवी त्या भोकातून येणारा श्वास हेच माझे सगळे ज्ञान. माझे दोन शेजारी, म्हणजे वेगमापक आणि चढउतारमापक, हेही त्याच नळीला जोडलेले होते. आम्हा तिघांचा श्वास एक होता.

एकोणीसशे त्रेसष्ट साली एका चार आसनी विमानात बसून मी नागपुरास आलो. सोनेगावच्या धावपट्टीच्या कडेला एका लहान संस्थेचे पत्र्याचे हँगर होते. पूर आला की कन्हानच्या काठच्या गावांची पाहणी करायची, कधी संत्र्यांच्या बागांची छायाचित्रे घ्यायला माणसे न्यायची, कधी औषधांच्या पेट्या पोचवायच्या, अशी आमची कामे. धावपट्टीवर उभा असलो की माझे काटे एक हजार तीस दाखवीत. नागपूरची जमीन समुद्रापेक्षा तेवढी उंच आहे. हा आकडा मला माझ्या नावासारखा पाठ झाला होता.

आमची देखभाल मारोतरावांकडे होती. ते कामठीहून रोज सायकलने येत. अंगावर निळा कोट, कानामागे पेन्सिल आणि खिशात मऊ केसांचा एक लहान ब्रश. दर सकाळी ते त्या चकतीवरून ब्रश फिरवीत आणि भोकाकडे भिंगातून पाहत. एकदा एका नव्या माणसाने धूळ उडवण्यासाठी भोकाला तोंड लावून फुंकर मारली. त्या फुंकरीने माझे काटे असे उडाले की मला घेरीच आली.

"काय करून राहिला गा?" मारोतराव धावत आले. "बासरी आहे का ते? तुझ्या नाकात असं कोणी फुंकलं तर चालीन का तुले?"

"धूळ होती जी."

"धूळ असंन त ब्रश घे. आतला जीव नाजूक आहे त्याचा. श्वास कोंडला त खोटं बोलते ते, आणि वरतं असताना त्याच्या खोट्यावरही माणूस भरवसा ठेवते."

हे वाक्य मी तेव्हा कौतुकाने ऐकले. आज ते आठवले की माझ्या चाकांना गंज चढल्यासारखे वाटते.

अडुसष्ट साली कृष्णकांत हा तरुण वैमानिक आमच्या संस्थेत आला. उंच, किडकिडीत, हसताना एक भुवई वर जाणारा. उड्डाणापूर्वी नखाने माझ्या काचेवर तीन टिचक्या मारायच्या, ही त्याची सवय. टक, टक, टक. जुन्या यंत्राचा काटा कधी अडखळलेला असला तर टिचकीने मोकळा होतो. पण कृष्णकांत टिचक्या मारून थांबत नसे. तो मला विचारी, "काय म्हणता, बुवा?"

मी म्हणे, एक हजार तीस.

"बरोबर आहे बुवाचं," असे म्हणून तो इंजिन सुरू करी. त्या पाच वर्षांत त्याने मला एकदाही विचारल्यावाचून जमीन सोडली नाही. मित्रांनो, यंत्राला याहून मोठा मान मिळत नाही.

मारोतरावांनी त्याला एक युक्ती शिकवली होती. त्या दिवशी विमान हँगरमध्ये उभे होते आणि दोघे पुढच्या आसनांवर बसून चहा पीत होते.

"साहेब, समजा वरतं असताना ते भोक बुजलं. काय करसान?"

"तुम्ही असताना बुजणारच कसं, काका?"

"थट्टा सोडा. या तिघांची नळी एकच आहे. मंग हा जो चढउतारवाला आहे ना, त्याच्या काचेवर पेचकसाची मूठ हाणायची. काच फुटली की आतली हवा त्याच्यातून नळीत शिरते आणि बुवाले श्वास भेटते."

"म्हणजे बुवाचा जीव वाचवायले शेजाऱ्याचं डोकं फोडायचं?"

"हो. काच नवी आणता येते. तुम्ही नवे कुठून आणायचे?"

दोघेही मोठ्याने हसले. मारोतरावांनी आपला लाकडी मुठीचा पेचकस कृष्णकांतच्या आसनाजवळच्या खणात ठेवून दिला. तो तेथेच राहिला.

आता मला त्र्याहत्तर सालच्या खंडेनवमीकडे यावे लागेल. या दिवशी आपल्याकडे हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या हँगरमध्येही व्हायची. पाने, पेचकस, हातोड्या धुऊन पुसून चादरीवर मांडत. विमानाच्या नाकावरच्या पंख्याला झेंडूची माळ चढे. घरची माणसे येत, चिवडा-पेढे वाटले जात. त्या वर्षी कृष्णकांतची पत्नी पुष्पलता पहिल्यांदाच आली होती. दोनच वर्षांपूर्वी त्यांचे लग्न झाले होते. महालातल्या मुलींच्या शाळेत त्या शिकवीत.

पत्र्यावर लावलेले कोरडे कुंकू वाऱ्याने उडून जाते. म्हणून आमच्या हँगरची एक रीत पडली होती. वाटीत कुंकू घेऊन त्यात बोटभर ग्रीस कालवायचे. तसे कुंकू आठ-आठ दिवस टिकते. ही रीत मारोतरावांनीच पाडलेली. त्या दिवशी वाटी त्यांनीच कालवली आणि दोन्ही हातांनी पुष्पलताबाईंपुढे धरली.

"घ्या वहिनी. यंदा सुवासिनीच्या हातानं होऊ द्या पूजा."

नळीवाटे मला सगळे ऐकू येत होते. बांगड्या वाजल्या. पंख्याला बोट लागले, मग दाराला, मग चाकाला. पावले डाव्या बाजूला आली आणि थांबली.

"ही चकती किती सुरेख आहे, भाऊ! जशी टिकली लावायलेच ठेवली आहे."

आणि माझा श्वास जड झाला.

मारोतरावांनी ते लगेच पाहिले असावे, कारण त्यांचा आवाज जवळून आला, हळू, चाचरत. "साहेब, ते... चकतीवरतं लागलं. पुसून घेतो मी."

"आता राहू द्या काका," कृष्णकांत म्हणाला. "तिनं लावलेलं कुंकू तिच्यासमोर पुसता का? उद्या पुसा."

मारोतरावांची पावले मागे सरली. दहा वर्षे ज्या माणसाने त्या भोकाजवळ धुळीचा कण येऊ दिला नव्हता, त्याचा हात खिशातल्या ब्रशपर्यंत गेला असेल आणि परत आला असेल. सुवासिनीने नवऱ्याच्या विमानाला लावलेले कुंकू, सणाच्या दिवशी, तिच्या डोळ्यांसमोर पुसायचे कसे? आपल्या माणसांपैकी कोणाचा हात चालला असता?

दुसऱ्या दिवशी दसरा होता. मारोतरावांची त्या दिवशी सुट्टी होती. तरी चकतीसाठी म्हणून ते सकाळी कामठीहून निघाले होते. पण साडेसातलाच निरोप आला, की गोंदियाला औषधांच्या पेट्या तातडीने हव्या आहेत. कृष्णकांतने विमान बाहेर काढले. त्याने भोवती फेरी मारली, चाके पाहिली, पंखा पाहिला. चकतीपाशी तो थांबला. त्याच्या मनात काय आले, ते मला सांगता येणार नाही. भोक पुरते बुजलेले नव्हते. कडेने एक फट राहिली होती आणि तिच्यातून मला थोडाथोडा श्वास मिळत होता. तो पुढे निघाला.

आत बसल्यावर त्याने आपट्याचे एक पान माझ्या कडेला खोचले.

"सोनं घ्या, बुवा. संध्याकाळी गर्दी राहीन, म्हणून तुमचं आत्ताच." टक, टक, टक. "काय म्हणता?"

एक हजार तीस, मी म्हणालो. आणि ते खरे होते. जमिनीवर उभ्या विमानात, रात्रभरात, त्या बारीक फटीतूनही माझ्यापर्यंत पुरेशी हवा पोचली होती.

माझे खोटे हळूहळू सुरू झाले. वर जाताना मी मागे राहिलो, पण आकाश मोकळे होते आणि त्याची नजर खालच्या शेतांवर होती. गोंदियाला उतरतानाही मी मागे राहिलो, पण धावपट्टी समोर दिसत असताना वैमानिक माझ्याकडे पाहत नाही. पेट्या उतरवून, चहा पिऊन तो परत आला, तोवर मी खऱ्या आकड्यावर पोचलो होतो. त्याने टिचक्या मारल्या, आणि मी पुन्हा प्रामाणिक ठरलो. मित्रांनो, जे यंत्र सरळ मोडते ते माणसाला सावध करते. जे तपासताना खरे आणि गरजेच्या वेळी खोटे बोलते, त्याच्यापासून देवही वाचवू शकत नाही.

परतीच्या वाटेवर ढग दाटले. आश्विन महिन्यात असे कधी कधी होते. गेलेला पाऊस काहीतरी विसरल्यासारखा परत येतो. कृष्णकांतने साडेचार हजार फूट उंची धरली होती. चारही बाजूंनी पांढरे झाले. पाणी काचेवरून मागे धावू लागले. बाहेर गारठा होता, आणि गारठ्याने ग्रीस घट्ट होते. माझी ती फट आणखी अरुंद झाली.

नागपूरहून रेडिओवर सांगण्यात आले, की तिकडे ढग आहेत, पण खाली जमीन दिसते आहे. कृष्णकांतने नकाशा मांडीवर घेतला. त्या भागातली सर्वांत उंच टेकडी साडेसतराशे फुटांच्या आतली होती. त्याने ठरवले, की ढगातून तेवीसशे फुटांपर्यंत उतरायचे, त्याखाली नाही. जमीन दिसली तर पुढे जायचे, नाही तर वर चढून परत फिरायचे. हा हिशेब अचूक होता. त्याने घड्याळ पाहिले, इंजिनाचा जोर कमी केला आणि मिनिटाला पाचशे फूट अशा ठरलेल्या चालीने तो उतरू लागला. वाऱ्याने विमान वाटेच्या उत्तरेला, रामटेकच्या पलीकडच्या सागाच्या टेकड्यांकडे सरकवले होते. हे त्याला त्या पांढऱ्या अंधारात कळणे शक्य नव्हते.

मी उतरत होतो, पण सावकाश. जुनी, विरळ हवा माझ्याभोवती कोंडली होती आणि बाहेरची दाट हवा आत येत नव्हती. तो खाली पोचला होता, मी अजून वर होतो.

तीन हजार, मी म्हणालो. नंतर सव्वीसशे. नंतर तेवीसशे.

टक, टक, टक.

त्याने घड्याळाकडे पाहिले. त्याची भुवई वर गेली, पण तो हसत नव्हता. "साडेपाच मिनिटं झाली. पावणेतीन हजार उतरायले पाहिजे. आणि तुम्ही बावीसशेच उतरलो म्हणता?"

मी तेवीसशेच दाखवत राहिलो.

"बुवा, तुम्ही खोटं काहून बोलून राहिले?"

त्याने एका हाताने विमानाचे नाक वर ओढले आणि दुसरा हात खणात घातला. लाकडी मूठ वर आली. माझ्या शेजाऱ्याची काच एका घावात फुटली. हवा आत शिरली. भरून, थंड, खरी हवा! माझी डबी दबली, माझे काटे धाडकन खाली आले. एक हजार सातशे तीस, मी ओरडलो. मला शब्द असते तर ते साऱ्या आसमंताने ऐकले असते.

त्याने तो आकडा वाचला. मी त्याचे डोळे पाहिले. त्यानंतर काचेवर सागाची मोठी पाने आली.

ती टेकडी एक हजार सातशे तीस फूट उंच होती.

चौकशीसाठी दोन अधिकारी आले. विमानाची डावी कूस जळून गेली होती, तेव्हा चकतीचा प्रश्नच उरला नाही. त्यांनी मला हातात घेऊन पाहिले. टेकडीची उंची आणि माझा आकडा तंतोतंत जुळत होता. धक्क्याने चाके अडकल्यामुळे काटे त्याच जागी राहिले होते. शेजाऱ्याची काच फुटली होती, पण अशा धडकेत काचा फुटतातच. त्यांनी लिहिले, 'उंचीमापक निर्दोष. वैमानिकाने ढगात सुरक्षित उंची सोडली.'

मी शेवटच्या दोन श्वासांत खरे बोललो होतो. तेच खरे कृष्णकांतच्या विरुद्ध साक्ष ठरले.

मारोतरावांनी मात्र त्या फुटलेल्या काचेकडे फार वेळ पाहिले. घाव मधोमध होता, मुठीच्या गोलाईचा. त्यांना सगळे कळले. कृष्णकांतने श्वास कोंडल्याचे ओळखून काच फोडली होती, म्हणजे भोक बुजले होते. कशाने बुजले होते, हेही त्यांना ठाऊक होते. अधिकाऱ्यांनी विचारले, "काही सांगायचं आहे?" मारोतरावांनी तोंड उघडले. समोरच्या बाकावर पुष्पलताबाई बसल्या होत्या, कपाळ मोकळे, नजर जमिनीकडे. मारोतरावांनी तोंड मिटले.

"नाही जी," ते म्हणाले.

त्यांनी ती नोकरी सोडली आणि या तंत्रशाळेत निदेशक म्हणून लागले. काही महिन्यांनी अवशेषांची पेटी संस्थेने शाळेला देऊन टाकली. तिच्यातून मी बाहेर आलो आणि या फळीवर बसलो. कचेरीने माझ्याखाली एक पाटी लावली: 'उंचीमापक. यंत्र निर्दोष. अपघाताचे कारण: वैमानिकाची चूक.' मारोतरावांनी फुटक्या काचेच्या माझ्या शेजाऱ्याला फडक्यात गुंडाळून खालच्या खणात ठेवले आणि कुलूप लावले.

अकरा वर्षे मी त्या पाटीवर उभा होतो. दरवर्षी नवी मुले येत. 'यंत्र निर्दोष' आणि 'वैमानिकाची चूक' हे शब्द मुले मोठ्याने वाचत आणि वहीत उतरवून घेत. कोणी खोडसाळ मुलगा कपाटाच्या काचेवर बोट आपटी. टक, टक. तिसरी टिचकी पडते की काय, म्हणून माझे अडकलेले काटेही थरथरत. पावसाळी दुपारी प्रयोगशाळेत काळोखी आली की मला तो आवाज ऐकू येई. बुवा, तुम्ही खोटं काहून बोलून राहिले? मारोतराव कपाटापुढून जाताना नेहमी खाली पाहत. आम्ही दोघे एकमेकांना कधीच सरळ भेटलो नाही.

चौऱ्याऐंशी साली शाळेत यंत्रांचे प्रदर्शन भरले. महालातल्या मुलींच्या शाळेचा सातवीचा वर्ग आला. सोबत त्यांच्या बाई होत्या. आवाजावरून मी त्यांना ओळखले.

गोपिका नावाच्या एका चुणचुणीत मुलीने माझ्यापुढे उभे राहून पाटी वाचली, खड्या सुरात, जशी कविता म्हणावी तशी. "अपघाताचे कारण, वैमानिकाची चूक. बाई, हे लिहून घ्यायचं?"

मारोतराव पुढे झाले आणि मुलींना म्हणाले, "तिकडं वाफेचं इंजिन आहे वं पोरींनो, चालू करून दाखवून राहिले. जा, पाहा." मुली धावल्या. प्रयोगशाळेत आम्ही तिघे राहिलो.

"भाऊ," पुष्पलताबाई म्हणाल्या, "गल्लीत लोक म्हणत, ते मी ऐकून घेतलं. पण इथं तुम्ही होता. तुमच्यासमोर ही पाटी अकरा वर्षं राहिली?"

मारोतरावांनी खिशातली किल्ली चाचपली.

"ते सुरक्षित उंचीच्या खाली जाणारे होते का? तुम्हीच सांगा. घरच्या घड्याळालेही तीन टिचक्या मारल्याबिगर ज्याचा भरवसा बसत नव्हता, तो माणूस ढगात असा गेला? काहून?"

मारोतरावांनी किल्ली काढली, खण उघडला, फडके सोडले. माझा शेजारी अकरा वर्षांनी उजेडात आला.

"पाहा वहिनी. ही काच धडकेनं नाही फुटली. साहेबानं फोडली. मीच शिकवलं होतं. श्वास कोंडला त फोडायची. त्याले समजलं होतं शेवटी. चूक त्याची नव्हती. हा," त्यांनी माझ्याकडे बोट केले, "हा खोटं बोलला. ते भोक बुजलं होतं."

"कशानं?"

"ग्रीसनं. माझा हात लागला असन. माझीच चूक, वहिनी."

मित्रांनो, मी एक खोटे नकळत बोललो होतो. हे दुसरे खोटे मी समजून-उमजून बोलले जाताना ऐकले, आणि त्यातली दया मला सोसवेना.

पुष्पलताबाईंनी फुटक्या काचेवरून हात फिरवला. मग त्यांनी आपल्या उजव्या हाताचे एक बोट उजेडात धरले, जणू त्यावर अजून काही लागलेले असावे.

"भाऊ, ते ग्रीस लाल होतं ना?"

मारोतरावांनी हातातले फडके खाली ठेवले.

"वाटी तुम्ही धरली होती," त्या म्हणाल्या. "बोट माझं होतं. मले ती चकती आठवते. मी म्हटलं होतं, टिकली लावायलेच ठेवली आहे."

"मी पुसायले आलो होतो, वहिनी. आईची आण. साहेबच म्हणाले, तिनं लावलेलं तिच्यासमोर पुसता का, उद्या पुसा. दुसऱ्या दिवशी मी निघालो होतो. सायकल पंक्चर झाली रस्त्यात. मी पोचलो तेव्हा फाटकातूनच दिसलं, विमान वर गेलेलं." त्यांनी निळ्या कोटाच्या बाहीने तोंड पुसले. "तुमच्यापायी गप्प राहिलो म्हणत होतो मी. पण तेही अर्धंच खरं आहे. माझ्यापायीही राहिलो."

वाफेच्या इंजिनाची शिटी वाजली. पलीकडे मुली हसल्या. पुष्पलताबाईंचे रडणे मी पाहिले नाही, कारण त्यांनी तोंड कपाटाकडून फिरवले होते. पण बोलल्या तेव्हा आवाज वर्गात शिकवताना असतो तसा होता.

"आता हे सगळं लिहा."

"लिहिलं त तुमचं नाव येईन, वहिनी."

"येऊ द्या. त्यांचं नाव अकरा वर्षं आहे ना तिथं?"

मारोतरावांनी त्याच आठवड्यात चौकशीच्या कचेरीला सविस्तर पत्र लिहिले, आकृत्यांसह. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. प्राचार्यांनी मात्र पाटी बदलू दिली. नवी पाटी पुष्पलताबाईंनी आपल्या हाताने, वळणदार अक्षरांत लिहिली. ती आजही माझ्याखाली आहे: 'या उंचीमापकाच्या श्वासाचे छिद्र पूजेच्या कुंकवाने बुजले होते. कुंकू पुष्पलताने लावले, मारोतरावांनी कालवले. वैमानिक कृष्णकांतने दोष ओळखला. त्याची चूक नव्हती.' शेजाऱ्याची फुटकी काच आता माझ्याजवळ, फळीवर ठेवली आहे. मारोतराव निवृत्त होईपर्यंत नव्या मुलांना तिच्यावरचा तो गोल घाव दाखवीत. माझ्याकडे पाहून.

या शाळेत खंडेनवमीची पूजा होते. यंत्रांपुढे विड्याच्या पानावर हळदकुंकू ठेवतात. यंत्राच्या अंगाला बोट लावत नाहीत. दसऱ्याला पुष्पलताबाई येतात. कपाट उघडून आपट्याचे एक पान माझ्या कडेला खोचतात, त्याने खोचले होते तसे. मग नखाने काचेवर तीन टिचक्या मारतात आणि काही न विचारता थोडा वेळ उभ्या राहतात.

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. ज्या यंत्रावर तुम्ही जीव टाकणार आहात, त्याला फुले वाहा, नमस्कार करा, पण त्याचे छिद्र आधी पाहा. पुसायला हात पुढे झाला आणि संकोचाने मागे आला, तर तो पुन्हा पुढे करा, मग ते कुंकू कोणाचेही असो. 'उद्या पुसू' असे म्हणू नका.

त्या तीन टिचक्यांना मी अजूनही उत्तर देतो. एक हजार सातशे तीस. आकडा खरा आहे, बाई. मला तो सांगायला दोन श्वास उशीर झाला.